शेपटाची क्रियापदं

बाळगोंडाआप्पांचा सुकुमार मॅट्रिकला पुन्हा नापास झाला, आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. दोन्ही खेपेला तो इंग्रजीत अडकला होता. बाकीच्या विषयांत तो कसाबसा तरून जाई. इंग्रजीचा पेपर समोर आला की त्याच्या डोळ्यांपुढं अक्षरं मुंग्यांसारखी इकडंतिकडं पळू लागत.

आप्पांची निपाणीत तंबाखूची वखार होती. घरी कानडी, बाजारात मराठी, मुसलमान व्यापाऱ्यांशी हिंदी, असं त्यांचं तिन्ही भाषांत बिनबोभाट चालायचं. इंग्रजी मात्र त्यांना लागली होती ती जिव्हारी. विलायती कंपनीचा बार्लो साहेब वर्षातून एकदोनदा माल बघायला यायचा. तो तंबाखूचं पान हातात घेई, मान हलवी, हसे, कपाळाला आठ्या घाली आणि बराच वेळ बोलत राही. त्याचं बोलणं संपलं की दुभाषी मारुतीराव म्हणे, "साहेब म्हणत्यात, माल बरा हाय."

"आनि बाकीचं काय बोलला त्यो?" आप्पा विचारत.

"बाकीचं बी त्येच, आप्पा."

हे उत्तर आप्पांना कधी पटलं नाही. एवढं मोठं बोलणं आणि त्याचं एवढंसंच मराठी? मधलं कुठं गेलं? म्हणून त्यांनी ठरवलं होतं की आपला पोरगा मॅट्रिक झाला पाहिजे आणि साहेबाचं सगळंच्या सगळं बोलणं आपल्या कानावर पडलं पाहिजे. लग्नाच्या हळदीचा रंग अजून सुकुमारच्या अंगावर होता तेव्हाच त्यांनी हुकूम सोडला, "आधी मॅट्रिक, मग संसार. पोरगं माडीवर ऱ्हाईल, सून खाली आक्काताईच्या हाताखाली. बोलनं-चालनं सगळं परीक्षेनंतर."

आक्काताई म्हणजे सुकुमारची आई; सून तिला आत्या म्हणे. तिला हे फार कडक वाटलं, पण आप्पांपुढं तिचं चालत नसे.

सून होती ब्राह्मी. बेळगावच्या खडेबाजारातल्या भांड्यांच्या दुकानदाराची लेक. ती तिथल्या मुलींच्या शाळेत चांगली इंग्रजी पाचवीपर्यंत शिकली होती, पण ही गोष्ट लग्न ठरवताना कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. नापास झालेल्या मुलाला शिकलेली बायको म्हणजे उगीच चर्चा. ब्राह्मीचा एक मोठा अवगुण होता. तिला हसू आलं की ते आवरता यायचं नाही. पदर तोंडात कोंबला तरी खांदे हलत राहायचे. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा समोर सुकुमारच्या मुंडावळ्या त्याच्या कानात अडकलेल्या दिसल्या आणि ती जी हसत सुटली ती पंगत उठेपर्यंत. सुकुमारला तेव्हाच ती अशी आवडली की त्याला पुढचे चार घास गिळता आले नाहीत.

आणि आता ती खाली, तो वर. मधे एक जिना, आणि जिन्याच्या पायथ्याशी आप्पांचा झोपाळा.

शिकवणीला परशराम मास्तर येत. हे मूळचे कंग्राळीचे, शेतकऱ्याघरचे, निपाणीच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. डोक्याला फेटा, पायात करकरणाऱ्या वहाणा आणि बुडाखाली सायकल, जिच्यावर त्यांचा पोटच्या लेकरासारखा जीव. मास्तरांचा एक सिद्धान्त होता.

"हे बघ सुकुमार," ते म्हणत, "इंग्रज माणूस क्रियापदाला शेपूट लावतो. बैल तोच, पण शेपूट बदललं की चाल बदलते. नुसतं गो म्हणजे जाणं. गो ऑफ म्हणजे बंदुकीचा बार उडणं. गो बाय म्हणजे वेळ जाणं. तू दोन्ही वेळा शेपटालाच अडकून पडलास."

"मग या साली काय विचारतील, मास्तर?"

मास्तरांनी माडीच्या खिडकीतून बाहेर बघत आवाज खाली आणला. "या साली वेळ. वेळ जाण्याची क्रियापदं. परीक्षकाचं वय झालंय, असं ऐकतो. म्हाताऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार?"

आणि मग ते खड्या आवाजात शिकवू लागले. टाइम गोज बाय, म्हणजे वेळ नुसता जातो, रस्त्यानं अनोळखी माणूस जावा तसा. ड्रॅग्ज ऑन, म्हणजे फरफटत जातो, सरता सरत नाही. वेअर्स ऑन, म्हणजे वहाण झिजावी तसा झिजत झिजत पुढं सरकतो. फ्लाइज बाय, म्हणजे भुर्रकन उडून जातो. इयर्स रोल बाय, वर्षं गाडीच्या चाकासारखी गरगरत जातात. आणि स्लिप्स अवे, म्हणजे नकळत हातातून निसटतो.

मास्तरांचा आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकासाठी घडवलेला होता. तो माडीवरून परसात, परसातून गोठ्यात आणि गोठ्यातून थेट चुलीपाशी बसलेल्या ब्राह्मीच्या कानात गेला. तिनं भाकरी थापता थापता हात थांबवला. कित्येक महिन्यांत तिनं इंग्रजीचा शब्द ऐकला नव्हता. आता एकदम माहेरचं कुणी दारात उभं राहावं तसं तिला वाटलं.

संध्याकाळी सुकुमार खिडकीत बसून घोकू लागला, "द डे ड्रॅग ऑन! द डे ड्रॅग ऑन!" तो घोकत होता परीक्षेसाठी, पण खाली परसात ब्राह्मी कपडे वाळत घालताना दिसली आणि त्याच्या ध्यानात आलं की आपण जे घोकतोय ते अगदी खरं आहे. दिवस सरत नाही. त्यानं ते वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी अर्थासकट आणि खाली बघून.

ब्राह्मीनं वर पाहिलं नाही. तिनं ओलं लुगडं झटकलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आक्काताई आणि ब्राह्मी जात्यावर बसल्या. ब्राह्मीनं गळा मोकळा सोडला:

*पहाटेच्या पारी गं, जातं घरघरतं बाई,*
*वेळ ड्रॅग्ज ऑन, दिस उजाडत न्हाई.*

'ड्रॅग्ज'मधल्या 'ज'वर तिनं असा जोर दिला की माडीवर सुकुमार अंथरुणात ताडकन उठून बसला. त्याची चूक दुरुस्त झाली होती! तो 'ज' खायचा. आणि ती दुरुस्त करणारे मास्तर नव्हते, ती...

"ड्रॅग्जॉन कोन गं?" आक्काताईनं विचारलं.

"आमच्याकडची ओवी हाय, आत्या. बेळगावात असंच म्हनत्यात."

"म्हनत असतील. मोठं गाव." आक्काताईनं विषय सोडला. पण चाल तिला आवडली, आणि त्या दिवसापासून ती स्वतःही देवपूजेची भांडी घासताना ड्रॅग्जॉन ड्रॅग्जॉन म्हणू लागली. ते ऐकलं की ब्राह्मीला गोठ्यात पळावं लागे.

असं ते सुरू झालं, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेना. सुकुमार खिडकीतून घोके आणि ब्राह्मी ओवीतून उत्तर देई. ओवी संपली तर म्हशीशी बोले. म्हैस भली होती. तिच्या कानात काहीही सांगितलं तरी ती रवंथ करत राही. ज्या दिवशी दोघांची नजरानजर होई त्या दिवशी वरून आवाज यायचा, "द डे फ्ल्यू बाय!" ज्या दिवशी आक्काताई ब्राह्मीला वाटाणे सोलायला बसवी त्या दिवशी म्हशीला ऐकावं लागे, "वेअर्स ऑन गं बाई, वेअर्स ऑन!" सुकुमारला ओठातल्या ओठात हसत माडीवर येरझाऱ्या घालाव्या लागत. खाली झोपाळ्यावर आप्पांना वाटे, पोरगं काय जोरात अभ्यास करतंय!

"मास्तर," ते म्हणाले, "तुमी जादू केली. पोरगं झोपेत बी इंग्रजी बोलतंय."

मास्तरांनी फेटा नीट केला आणि जादूचं श्रेय घेऊन टाकलं.

थंडीच्या दिवसांत तवंदीच्या घाटात स्तवनिधीची जत्रा भरते. निपाणीहून बैलगाड्यांची रीघ लागते. ठरलं असं की आक्काताई आणि ब्राह्मी शेजारच्या बायकांबरोबर सकाळी जातील. त्या दिवशी बार्लो साहेबही येणार होता, म्हणून आप्पा वखारीत थांबतील आणि दुपारी साहेबाला जत्रा दाखवायला घेऊन येतील. सुकुमार अर्थातच माडीवर.

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी ब्राह्मी रागावलेली होती. सगळी जत्रा बघणार, आणि तो एकटा वर कोंडलेला. तिनं म्हशीपुढं वैरण आपटली आणि मोठ्यानं म्हणाली, "दिस स्लिप्स अवे गं बाई! उद्याचा दिस स्लिप अवे!" तिला म्हणायचं होतं की उद्याचा दिवस फुकट निसटणार.

माडीवर सुकुमारचे कान उभे राहिले. मास्तर समोरच बसले होते.

"मास्तर, स्लिप अवे नुसतं वेळेलाच लावतात का? माणसाला नाही लागत?"

मास्तर खूश झाले. असा प्रश्न आजवर कुठल्या विद्यार्थ्यानं विचारला नव्हता. "लागतं तर! कैदी तुरुंगातून स्लिप अवे होतो. गुपचूप सटकणं."

सुकुमारला उलगडा झाला. तिनं निरोप दिला होता: उद्या सटक! लगेच त्यानं खिडकीतून डोकं काढून ओरडून सांगितलं, "द आफ्टरनून विल फ्लाय बाय!" म्हणजे मी दुपारी येतो, दुपार कशी उडून जाईल बघ.

खाली ब्राह्मीनं ते ऐकलं आणि तिचाही हात वैरणीत थांबला. दुपार उडून जाईल? दुपारी तर ती जत्रेत. मग त्याची दुपार कशी उडून जाईल? जाईल, ती घरी आली तरच! म्हणजे तो बोलावत होता. त्या क्षणी तिनं ठरवून टाकलं की दुपारी काही ना काही कारण काढून घरी परतायचं.

दुसऱ्या दिवशी मास्तर शिकवणीला आले तेव्हा सुकुमारनं त्यांच्यापुढं जत्रेसाठी केलेल्या पुरणपोळ्यांची चवड ठेवली आणि वरून तूप ओतत राहिला. मास्तर नको नको म्हणत खात राहिले. मग भिंतीला टेकले, "फक्त डोळे मिटतो" म्हणाले आणि घोरू लागले. सुकुमार उंदरासारखा जिना उतरला, परसदारातून बाहेर पडला आणि मास्तरांच्या सायकलवर टांग टाकून तवंदीच्या दिशेनं सुटला.

तिकडं जत्रेत ब्राह्मीनं कपाळाला हात लावला. "आत्या, डोकं लई दुखतंय. उन्हानं असंल."

"अगंबाई! मग बस इथंच सावलीला."

"न्हाय, घरी जाऊन पडते. भरमूमामा गाडी घेऊन निघालाच हाय."

भरमू हा शेजारचा म्हातारा गाडीवान. त्याला गर्दी सोसत नसे, म्हणून जत्रेत आला की तो लगेच परत निघे. ब्राह्मी त्याच्या गाडीत चढली. गाडी घाट उतरू लागली.

अर्ध्या वाटेवर चढ लागला तेव्हा सुकुमार सायकलवरून उतरून ती ढकलत होता. घामानं सदरा अंगाला चिकटलेला, टोपी खिशात. समोरून बैलगाडी आली. त्यानं वाट द्यायला सायकल कडेला घेतली आणि मान वर केली. गाडीत ब्राह्मी होती.

दोघंही एकदम म्हणाले, "हितं कसं?"

"मी तर जत्रेला निघालोय. तू बोलावलंस न्हवं?"

"मी? मी घरी निघाले. तुमी बोलावलंसा म्हनून!"

"मी कवा बोलावलं?"

"आफ्टरनून फ्लाय बाय म्हनून वरडलासा की!"

"आनि तू स्लिप अवे म्हनालीस त्ये?"

"त्ये दिसाला म्हनाले मी, तुमास्नी न्हाय!"

मग ब्राह्मीच्या खांद्यांनी हलायला सुरुवात केली. पदर तोंडात गेला, पण काही उपयोग नव्हता. ती गाडीच्या कडेला धरून हसत सुटली, आणि तिला बघून सुकुमार सायकलवर ओणवा होऊन हसू लागला. भरमूनं दोघांकडं पाळीपाळीनं बघितलं, पण त्याला काही कळेना. "बैलास्नी पानी दावून येतो," तो म्हणाला आणि गाडी चिंचेखाली सोडून बैल घेऊन खालच्या ओढ्याकडं गेला.

आता चिंचेखाली दोघंच. आणि एक गंमतच झाली. दोघांना बोलायलाच सुचेना. इतके महिने ते रोज बोलत होते, पण वेळेच्या शेपटांनी. साध्या मराठीत एकमेकांशी काय बोलतात हे त्यांना माहीतच नव्हतं. सुकुमारनं खाकरून घसा साफ केला. ब्राह्मीनं कनवटीची पुडी सोडली.

"चिरमुरं खातायसा?" ती म्हणाली.

लग्नानंतर तिनं त्याच्याशी समोरासमोर बोललेलं हे पहिलं शांतपणाचं वाक्य. त्यानं मूठभर चिरमुरे घेतले. ते तिखट होते. त्याला ठसका लागला, तिनं पाठीवर थाप मारली आणि मग बोलणं असं सुटलं की काही विचारू नका. खडेबाजारातली भांडी कशी वाजतात, मास्तर घोरताना कसे शिट्टी वाजवतात, आक्काताई ड्रॅग्जॉन म्हणते तेव्हा तिला कसं गोठ्यात पळावं लागतं, मुंडावळ्या कानात कशा अडकल्या होत्या. ऊन चिंचेच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेलं, आणि दोघांनाही कळलं नाही.

तेवढ्यात खालच्या वळणावरून फुसफुस आवाज आला. एक काळी मोटार धापा टाकत चढ चढत आली. तिच्या नाकातून वाफेचे लोट निघत होते. ती चिंचेपाशी आली, एकदा जोरात शिंकली आणि बंद पडली. मागच्या सीटवर बार्लो साहेब होता. त्याच्या शेजारी, जरीचा पटका बांधून, बाळगोंडाआप्पा.

राग आला की आप्पांची मराठी हरवायची आणि कानडी सुटायची. "एनो इदु?" ते गरजले. हे काय आहे, असं त्यांना म्हणायचं होतं.

सुकुमार उभा राहिला. हातात चिरमुऱ्यांची पुडी. ब्राह्मी पदर पार नाकापर्यंत ओढून गाडीमागं गेली.

पण साहेब मोटारीतून उतरला होता. त्यानं टोपी काढून दोघांना अभिवादन केलं आणि आप्पांकडं बघून काहीतरी विचारलं. आप्पांनी मागं पाहिलं. मारुतीराव नव्हता. तो सकाळीच जत्रेतल्या कुस्त्या बघायला गेला होता, दुपारपर्यंत येतो म्हणून. तो कुठला येतोय!

"काय म्हनतोय साहेब?" आप्पांनी सुकुमारला दरडावलं. "बोल की! मास्तराला एवढं जेवू घातलं त्ये कशाला?"

सुकुमारच्या डोक्यात मुंग्या पळू लागल्या. साहेब काहीतरी बोलत होता, शब्द एकमेकांच्या अंगावर पडत होते. ड्रायव्हर झाकण उघडून म्हणाला, "आतलं कायतरी तुटलंय, आप्पा." साहेबानं सुस्कारा टाकला, खिशातलं घड्याळ काढलं, बघितलं आणि म्हणाला, "द आफ्टरनून ड्रॅग्ज ऑन."

सुकुमारनं कान टवकारले. ड्रॅग्ज ऑन! 'ज' सकट! साहेबाच्या तोंडात घरची ओवी!

"नो सर!" तो एकदम म्हणाला. "नो, नो! टाइम फ्लाइज बाय!"

साहेब चकित होऊन हसला. त्यानं चिंचेकडं पाहिलं, पुडीकडं पाहिलं, गाडीमागून दिसणाऱ्या लुगड्याच्या काठाकडं पाहिलं. "फॉर यू, यंग मॅन," तो म्हणाला. "फॉर यू!"

"काय म्हनला?" आप्पा.

"वेळ जातोय म्हनाला, आप्पा."

साहेब एका दगडावर बसला. घाटात करण्यासारखं काहीच नव्हतं, फक्त वेळ जात होता. आणि सुकुमारला यायची ती नेमकी वेळ जाण्याचीच इंग्रजी. साहेब म्हणाला, उन्हाळे इथं कसे वेअर ऑन होतात. सुकुमार म्हणाला, येस सर, वेअर ऑन, व्हेरी मच. साहेब म्हणाला, या देशात त्याची वर्षं रोल बाय झाली. सुकुमार म्हणाला, रोल बाय सर, लाइक बुलक कार्ट. साहेबानं गुडघ्यावर थाप मारली.

"आता काय म्हनला?" आप्पांचा राग जाऊन त्याच्या जागी उत्सुकता आली होती.

"वेळ जातोय म्हनाला."

"पुना त्येच?"

"दरवेळी येगळ्या तऱ्हेनं, आप्पा. एकदा झिजत, एकदा गरगरत."

"बाबौ!" आप्पा म्हणाले. "इंग्रजाच्या वेळेला इतक्या वाटा?"

साहेबाचा आवाज जरा खाली आला होता. तो विलायतेबद्दल बोलत होता, घराबद्दल, बायकोबद्दल. शेवटी तो म्हणाला की हे सगळं स्लिप अवे झालं. सुकुमारला शब्द समजला, आणि तो नुसतं "येस सर" म्हणाला. तेव्हा गाडीमागून स्वच्छ आवाज आला, "सर, अँड फॉर युवर मिसेस? डज टाइम ड्रॅग ऑन फॉर हर?"

आप्पांनी मान गर्रकन वळवली. सून! आपल्यासमोर! साहेबाशी! इंग्रजीत!

साहेब उठून उभा राहिला. मग गाडीकडं वळून त्यानं पुन्हा टोपी काढली. म्हणाला, हे तिला कधी विचारलंच नाही, आता विचारतो. नंतर तो आप्पांकडं वळला आणि ब्राह्मीकडं हात करून भरभरून काहीतरी बोलला.

"काय म्हनतोय?" आप्पांनी विचारलं.

सुकुमारला त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. पण एवढ्या दुपारनंतर त्याच्या अंगात वारं शिरलं होतं. "साहेब म्हनतोय," तो म्हणाला, "ह्या दोघास्नी एकत्र शिकवा. येगळं ठेवू नका. येगळं ठेवलं तर इंग्रजी नासते."

गाडीमागं फसकन आवाज झाला. ब्राह्मीचे खांदे हलत होते. नेमक्या त्याच वेळी साहेब जोरजोरात मान हलवून म्हणाला, "येस! येस!"

आप्पांनी पोराकडं पाहिलं. साहेबाकडं पाहिलं. गाडीमागच्या हलणाऱ्या पदराकडं पाहिलं. ते बाजारात वाढलेले होते. माणसाच्या तोंडात कुणाचं बोलणं आहे हे त्यांना भाषेशिवाय कळे. त्यांच्या मिशीचं टोक थरथरलं.

"म्हंजे इतकी वर्सं मारुतीराव बी असंच करत आला असनार," ते हळूच म्हणाले आणि मग पोट धरून हसू लागले. ते हसले म्हणून साहेब हसला, आणि मग ब्राह्मीला पदर तोंडात कोंबायची गरजच उरली नाही.

भरमू बैल घेऊन आला. ड्रायव्हर म्हणाला, मोटार आता ओढूनच न्यावी लागंल. मग गाडी चिंचेखालीच ठेवली, मोटार फिरवली, तिला दोरखंडानं बैल जोडले, आणि भरमू मोटारीच्या टपावर बसून बैल हाकू लागला. साहेब, आप्पा आणि ब्राह्मी मोटारीत, सुकुमार बाजूनं सायकलवर. घाटातून जत्रेकरू परतत होते. हे दृश्य बघून ते मागं लागले. कुणाकडं हलगी होती. ती वाजू लागली. गाव जवळ आलं तेव्हा मागं ही गर्दी.

निपाणीच्या वेशीतल्या बायकांनी पाहिलं: मोटारीत जरीचा पटका, पदर ओढलेली नवी नवरी, पुढं बैल, हलगी, साहेब पाहुणा. वरात, दुसरं काय! कुणीतरी धावत जाऊन निरांजन आणलं. कुणी चिरमुरे उधळले. कुणी भरमूला ओवाळलं. पेठेतून मोटार निघाली तेव्हा समोरून परशराम मास्तर धावत येताना दिसले. फेटा गळ्यात, डोळे लाल, आणि ओरडणं एकच, "माझी सायकल! माझी सायकल!" सुकुमारनं त्यांना सायकल दिली तेव्हा त्यांच्यावरही कुणीतरी अक्षता टाकल्या.

आक्काताई नंतर दुसऱ्या गाडीनं आली. तिनं दारातच विचारलं, "डोकं थांबलं का गं?"

"थांबलं, आत्या," ब्राह्मी म्हणाली आणि गोठ्यात पळाली.

दुसऱ्या दिवसापासून माडीवर दोन पाट मांडले गेले. आक्काताईनं ते न सांगताच मांडले, शेजारी शेजारी. मास्तर एकाला शिकवायला आले की दुसरीला येत असे, आणि दुसरीनं सांगितलं की पहिल्याला कळत असे. जिन्याच्या पायथ्याचा झोपाळा आप्पांनी ओसरीवर हलवला. कारण विचारलं तर म्हणाले, तिथं वारं चांगलं येतं.

फाल्गुनात सुकुमार बेळगावला परीक्षेला गेला. इंग्रजीच्या पेपरात वेळ जाण्याचं एकही क्रियापद आलं नाही. परीक्षकाचं वय झालेलं नसावं. पण निबंध आला होता, एखाद्या प्रवासाचं वर्णन करा, आणि सुकुमारनं त्यात चिंच, वाफ, बैल आणि चिरमुरे असं सगळं घातलं. तो पास झाला. आप्पांनी पेठेत पेढे वाटले. मास्तरांनी एक शाळेत नेला आणि वर्गात दाखवला.

पुढच्या साली ब्राह्मीही परीक्षेला बसली आणि सुकुमारपेक्षा कितीतरी वरच्या गुणांनी पास झाली. त्यानं हे पेठेत इतक्या जणांना सांगितलं की लोक त्याला बघून वाट बदलू लागले.

बार्लो साहेब तोवर विलायतेला परत गेला होता. त्याच्या जागी नवा साहेब आला, तांबड्या दाढीचा. त्या दिवशी आप्पांनी वखारीत सगळी तयारी केली. मारुतीराव एका बाजूला, मुलगा आणि सून दुसऱ्या बाजूला. आता एक शब्द हरवणार नव्हता. नवा साहेब आला, त्यानं तोंड उघडलं आणि तो बोलू लागला. घशातून खरखर, मधेच एखादा र असा गडगडणारा की दारातली मांजर पळाली. मारुतीराव सुकुमारकडं बघू लागला. सुकुमार ब्राह्मीकडं बघू लागला.

"काय म्हनतोय?" आप्पांनी विचारलं.

"आप्पा," ब्राह्मी म्हणाली, "ही इंग्रजी न्हाय वाटतं."

इंग्रजीच होती. स्कॉटलंडची. पण ते निपाणीत कुणाला माहीत असणार! साहेब पुन्हा बोलला, अजून मोठ्यानं. ब्राह्मीचा पदर तोंडाकडं निघाला. शेवटी आप्पांनीच पुढं होऊन साहेबाचा हात धरला, त्याला थप्पीपाशी नेलं, तंबाखूचं एक कडक पान तळहातावर चुरडलं आणि त्याच्या नाकाखाली धरलं. साहेबानं खोल श्वास घेतला. त्याचे डोळे मोठे झाले, दाढी वर गेली, आणि त्यानं एक शिंक दिली. मग दुसरी, मग तिसरी. आणि तिसऱ्या शिंकेनंतर, डोळ्यांतलं पाणी पुसत, तो आप्पांकडं बघून मोठ्यांदा हसला.

"माल बरा हाय म्हनतोय," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी उसाचा रस मागवला.